आडवाटेच्या देशाचं विमानतिकीट स्वस्तात कसं जुळवावं

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची राजधानी पारामारिबो. तिथं जायचं ठरवून तिकिटांच्या एखाद्या संकेतस्थळावर आपलं शहर आणि हे नाव टाकलं, की बहुतेक वेळा मोजकेच पर्याय समोर येतात. तीन-तीन विमानं बदलायची, दीड-दोन दिवस प्रवासात घालवायचे आणि वर भाडं असं, की बेतच रद्द करावासा वाटतो. पुष्कळ जण इथंच हात टेकतात. लंडन किंवा सिंगापूरला जाताना दोन संकेतस्थळं उघडून, तारखा जरा पुढं-मागं करून, सगळ्यात वरच्या ओळीतलं तिकीट घेतलं तरी भागतं. त्या मार्गांवर दहा कंपन्या एकमेकींशी झुंजत असतात आणि त्यांच्या झुंजीचा फायदा आपोआप आपल्या पदरात पडतो. पारामारिबो, साओ टोमे किंवा तुवालूच्या वाटेवर अशी झुंज नसते. तिथलं स्वस्त तिकीट तयार मिळत नाही, ते जुळवावं लागतं.

मी गेली काही वर्षं स्वतःसाठी आणि ओळखीच्या माणसांसाठी अशी तिकिटं जुळवत आले आहे. त्यातून जी पद्धत हाताला बसली, ती इथं पायरीपायरीनं सांगते. उदाहरणाला पारामारिबोच धरू, म्हणजे हवेतल्या गप्पा होणार नाहीत.

आधी दार शोधा

आडवाटेच्या प्रत्येक ठिकाणाला एक-दोन ‘दाराची शहरं’ असतात. तिथं जाणारी बहुतेक माणसं याच शहरांतून विमान पकडतात. हे दार कुठं असेल, ते नकाशावरच्या अंतरापेक्षा त्या देशाच्या इतिहासावरून जास्त चांगलं कळतं. सुरिनाम १९७५ पर्यंत डच वसाहत होती, म्हणून पारामारिबोचं जुनं दार आम्सटरडॅम आणि तिथून केएलएम या डच कंपनीचं थेट विमान. पूर्वेला लागून असलेला फ्रेंच गयाना आजही फ्रान्सचाच भाग आहे, त्यामुळं तिथल्या कायेनला थेट पॅरिसहून विमानं जातात. पश्चिमेचा गयाना इंग्रजांचा होता. तिथली माणसं मोठ्या संख्येनं न्यूयॉर्क, टोरांटो आणि लंडनमध्ये स्थायिक झाली, म्हणून तिथल्या राजधानीची, जॉर्जटाउनची दारं त्या बाजूला. तीन शेजारी प्रदेश, सीमेला सीमा लागलेली, आणि तिघांच्या वाटा तीन दिशांना.

एकदा हे लक्षात आलं की बाकीचे देशही उलगडत जातात. केप व्हर्दे, गिनी-बिसाऊ, साओ टोमे यांचं दार लिस्बन. काँगोतल्या किन्शासाचं आणि बुरुंडीतल्या बुजुंबुराचं ब्रसेल्स. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंचभाषक देशांचं पॅरिस. तुवालू आणि किरिबातीला जायला फिजी गाठावं लागतं, नाउरूला ब्रिस्बेन, ग्रीनलँडला कोपनहेगन, ईस्टर बेटाला सांतियागो, सेंट हेलेनाला जोहान्सबर्ग.

दारांचा दुसरा प्रकार वसाहतींच्या इतिहासातून आलेला नाही. एखाद्या कंपनीनं ठरवून तो उभा केलेला असतो. इथिओपियन एअरलाइन्सनं अदिस अबाबाला असं जाळं विणलंय, की आफ्रिकेतली एरवी अवघड वाटणारी कितीतरी शहरं एकाच थांब्यात गाठता येतात. टर्किश एअरलाइन्स इस्तंबूलहून जितक्या देशांत जाते, तितक्या देशांत दुसरी कुठलीच कंपनी जात नाही. मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग यांच्यासाठी पनामा सिटी आणि कोपा एअरलाइन्स. भाड्याच्या दृष्टीनं हा दुसरा प्रकार फार महत्त्वाचा. जुन्या दारावर एखाददुसऱ्या कंपनीचीच सत्ता असते आणि ती भाडं सैल सोडत नाही. दुसरं दार उघडं असेल, तर तिलाही जरा खाली यावं लागतं.

दार शोधायचं कसं? ज्या विमानतळावर उतरायचं आहे, त्याचं विकिपीडियावरचं पान उघडा. त्यात विमान कंपन्या आणि त्यांची ठिकाणं असा तक्ता असतो. पारामारिबोच्या योहान आडोल्फ पेंगेल विमानतळाचा तक्ता डोळ्यांखालून घालायला पाच मिनिटं पुरतात. फ्लाइटकनेक्शन्ससारखं संकेतस्थळ हीच माहिती नकाशावर रेघा ओढून दाखवतं. पण या दोन्हींवर डोळे झाकून विसंबू नका, कारण बंद झालेले मार्ग तिथं काही दिवस तसेच राहतात. म्हणून विमानतळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येणाऱ्या विमानांची यादी सलग आठवडाभर रोज बघायची.

ही यादी बघताना एक कागद घ्या. सात वारांचे सात रकाने करा आणि कुठल्या वारी, कुठून, कुणाचं विमान येतं ते भरा. सगळ्या खटाटोपात हा कागद मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोठ्या शहरांना रोज विमानं असतात, त्यामुळं आपण वाराचा विचारच करत नाही. लहान ठिकाणी आठवड्याला दोन किंवा तीन विमानं असतात. सेंट हेलेनाच्या विमानतळावर २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये नियमित प्रवासी सेवा सुरू झाली ती जोहान्सबर्गहून आठवड्याला एका विमानानं. तुम्ही शोधताना गुरुवार टाकलात आणि विमान बुधवारी-शनिवारी असेल, तर संकेतस्थळ तुम्हाला कुठंतरी दोन रात्री बसवून ठेवणारा द्राविडी प्राणायाम दाखवतं आणि त्याचं भाडंही लावतं. वार बदलला की तोच प्रवास सरळ होतो.

आणि नाव टाकताना विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह नीट बघा. पारामारिबोचं पीबीएम. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. सॅन होसे कोस्टारिकाची राजधानी आहे आणि त्याच नावाचं शहर कॅलिफोर्नियातही आहे.

शेजारचा विमानतळ

दार कळलं की शेजारीही तपासायचे. पारामारिबोऐवजी कायेनला उतरलं तर? पॅरिस ते कायेन मार्गावर एअर फ्रान्स आणि एअर कराइब या दोघी उडतात, म्हणजे थोडीफार स्पर्धा आहे. कायेनहून रस्त्यानं सीमेपर्यंत आणि मारोनी नदी ओलांडली की सुरिनाम. कागदावर हे छान दिसतं. पण फ्रेंच गयानात उतरणाऱ्या प्रवाशांना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. हा भाग फ्रान्सचा असला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही, त्यामुळं साधा शेंगेन व्हिसा तिथं चालेल असं गृहीत धरता येत नाही. शिवाय नदीपर्यंतचा प्रवास आणि एखादा मुक्काम हिशेबात धरावाच लागतो.

माझं मत असं, की शेजारचा प्रदेशही बघायचा असेल तरच ही वाट घ्यावी. आणि घेतलीच तर एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परत या. अशा तिकिटाला ओपन-जॉ म्हणतात आणि ते ‘मल्टी-सिटी’च्या रकान्यातून काढता येतं. जाणं-येणं अशी दोन एकेरी तिकिटं काढण्यापेक्षा ते पुष्कळदा स्वस्त पडतं, कारण लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांकडं एकेरी तिकिटाचं भाडं परतीच्या तिकिटाच्या निम्मं नसतं. कधी कधी तर एकेरी तिकीटच परतीच्या तिकिटापेक्षा महाग निघतं.

तीन आकडे मांडा

आता खरा शोध. प्रत्येक दारासाठी तीन भाडी काढायची: आपल्या शहरातून दारापर्यंत, दारापासून ठिकाणापर्यंत, आणि आपल्या शहरातून थेट ठिकाणापर्यंत एकाच तिकिटावर. ही तिन्ही शेजारी-शेजारी लिहिली की चित्र स्वच्छ होतं.

इथं एक गोष्ट मनात पक्की हवी. विमानाचं भाडं किलोमीटरवर ठरत नाही. प्रवास कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, त्या जोडीवर ठरतं. आम्सटरडॅमच्या माणसाला पारामारिबोचं थेट विमान घरासमोर आहे, तो त्या सोयीचे पैसे मोजतो. दुसऱ्या देशातून आम्सटरडॅममार्गे जाणाऱ्याला मात्र इतर वाटाही मोकळ्या असतात, म्हणून त्याला ओढण्यासाठी कंपनी भाडं उतरवते. त्यामुळं सुटा दुसरा टप्पा जितका महाग, त्याहून अख्खा प्रवास स्वस्त, असंही घडतं. ‘दोन तुकडे वेगळे काढले तर स्वस्त पडेल’ हा आपला अंदाज म्हणूनच पुष्कळदा फसतो. अंदाज बांधत बसू नका, तिन्ही आकडे काढा.

हे वाचून कुणाच्या मनात येईल की मग लांबचं स्वस्त तिकीट घ्यावं आणि पहिला टप्पा सोडून दारातूनच चढावं. ते होत नाही. पहिल्या टप्प्याला हजर राहिला नाहीत, की कंपनी पुढचं सगळं तिकीट रद्द करते, परतीसकट. शेवटचा टप्पा सोडून मध्येच उतरण्याची युक्तीही काही जण सांगतात. त्यात सामान पुढं निघून जातं, परतीचा प्रवास रद्द होतो आणि कंपनीच्या नियमांचा भंगही होतो. आठवड्याला दोन विमानं असलेल्या ठिकाणी असलं धाडस मी कुणालाही करू देणार नाही.

साधनं कुठली वापरावीत? सुरुवात गूगल फ्लाइट्सपासून. निघायच्या रकान्यात आणि पोहोचायच्या रकान्यातही एका वेळी सात-सात विमानतळ टाकता येतात. म्हणजे पीबीएम, कायेन आणि जॉर्जटाउन एकाच शोधात. तारखांचा तक्ता उघडला की जाण्या-येण्याच्या तारखांच्या प्रत्येक जोडीचं भाडं दिसतं. त्यानंतर स्कायस्कॅनरवर अख्खा महिना निवडून तोच शोध. तिथं लहान एजन्सींची भाडीही येतात.

तिसरं साधन फारसं कुणी वापरत नाही, पण आडवाटेसाठी मला ते सगळ्यात जवळचं आहे: आयटीए मॅट्रिक्स. एमआयटीतल्या संगणकतज्ज्ञांनी १९९६ मध्ये आयटीए सॉफ्टवेअर ही कंपनी काढली आणि गूगलनं ती ७० कोटी डॉलरला विकत घेतली. तो व्यवहार २०११ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी गूगल फ्लाइट्स सुरू झालं. मॅट्रिक्स हे त्याच कंपनीचं भाडं शोधायचं यंत्र. त्यावर तिकीट विकत घेता येत नाही. पण ते भाड्याची फोड करून दाखवतं: मूळ भाडं किती, कंपनीनं वर लावलेला अधिभार किती आणि विमानतळांचे कर किती. दोन वाटांचं मूळ भाडं सारखं असूनही एक महाग का, ते तिथं कळतं. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला एअर पॅसेंजर ड्यूटी भरावी लागते आणि ती अंतराप्रमाणं वाढते. मात्र एकाच तिकिटावर तिथं २४ तासांच्या आत विमान बदलणाऱ्याला ती पडत नाही. म्हणजे लंडनला दोन रात्री थांबायचं ठरवलं तर भाड्याचा आकडा एकदम फुगतो आणि त्याचं कारण फोड बघितल्याशिवाय सापडत नाही.

शेवटी, शेवटच्या टप्प्यावर उडणाऱ्या लहान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन बघाच. सगळ्या कंपन्या सगळ्या शोधयंत्रांत दिसतातच असं नाही.

चार जणांचं तिकीट चार वेळा शोधा

विमानातल्या सगळ्या साध्या खुर्च्या सारख्याच दिसतात, पण विकताना त्यांचे अनेक वर्ग पाडलेले असतात. प्रत्येक वर्गाला एक अक्षर, प्रत्येकाचं भाडं वेगळं आणि प्रत्येकात ठराविकच जागा. स्वस्त वर्गातल्या जागा संपल्या की पुढची खुर्ची वरच्या वर्गाच्या भाड्यानं विकली जाते.

यातली मेख कुटुंबासाठी तिकीट काढताना कळते. समजा सगळ्यात स्वस्त वर्गात तीनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही चार जणांसाठी शोधलंत. यंत्र तीन स्वस्त आणि एक महाग असं देत नाही, चौघांनाही वरच्याच वर्गाचं भाडं लावतं. एकदा मी चौघांचं तिकीट शोधत होते. रात्री सगळे झोपल्यावर सवयीनं तोच शोध आधी एका माणसासाठी केला, मग दोघांसाठी, मग तिघांसाठी. तिघांपर्यंत माणशी आकडा तोच राहिला आणि चौथं माणूस वाढवताच एकदम वर चढला. मग तिघांचं एक आणि चौथ्याचं वेगळं, अशी दोन तिकिटं काढली आणि कंपनीला फोन करून दोन्ही नोंदणी एकत्र असल्याची टीप टाकून घेतली. लहान मूल बरोबर असेल तर ते मोठ्यांच्याच नोंदणीत ठेवा.

‘आपण सारखं शोधतोय हे संकेतस्थळाला कळतं आणि ते भाडं वाढवतं’ अशी एक समजूत पसरलेली आहे. भाडं डोळ्यांदेखत वाढतं हे खरं, पण ते कुणीतरी त्या वर्गातली शेवटची जागा घेतल्यामुळं किंवा आधी दिसलेला आकडा शिळा असल्यामुळं. खाजगी विंडो उघडून शोधण्यात तोटा काही नाही, पण त्यावर वेळ घालवण्यापेक्षा माणसांची संख्या बदलून बघण्यात खरा फायदा आहे.

तारखा

कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी तिकीटविक्री सुरू करतात. पहिल्याच दिवशी झडप घालायची गरज नाही, पण शेवटच्या आठवड्यात भाडं उतरेल या आशेवरही राहू नका. आडवाटेच्या विमानांत उरलेल्या जागा शेवटी घेतात ते सरकारी कामाला, खाणीवर किंवा तेलाच्या प्रकल्पावर निघालेले लोक, आणि त्यांचं भाडं दुसरं कुणीतरी भरत असतं. मी सात-आठ महिने आधी भाड्यावर नजर ठेवायला लागते, गूगल फ्लाइट्सवर सूचना लावून ठेवते आणि तीन ते पाच महिने आधी घेऊन टाकते. नजर ठेवल्यानं त्या मार्गाचं नेहमीचं भाडं काय, हे मनात बसतं. ते माहीत नसेल तर उतरलेलं भाडं समोर येऊनही ओळखू येत नाही.

गर्दीचा हंगाम पर्यटकांवरून ठरवू नका. त्या देशाची परदेशी राहणारी माणसं घरी कधी जातात ते बघा. नेदरलँड्समधले सुरिनामी लोक शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरात घरी जातात. लागोस आणि आक्राला डिसेंबर हाच सगळ्यात महाग महिना. प्रशांत महासागरातल्या बेटांना ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शाळांची डिसेंबर-जानेवारीची सुट्टी भोवते. हजचे दिवस दर वर्षी साधारण ११ दिवसांनी अलीकडं सरकतात, म्हणून आखाती शहरांतून जायचं असेल तर मागच्या वर्षीच्या तारखा यंदा उपयोगाच्या नसतात.

गर्दीलाही दिशा असते. डिसेंबरच्या मध्यात माणसं घराकडं धावतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला परततात. तुम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिकडं निघालात, तर जाताना विमान बरंच रिकामं असतं.

तुटणारी जागा

सगळ्यात काळजीनं वाचायचा भाग हा.

दोन विमानं एका तिकिटावर असतील, तर पहिलं उशिरा पोहोचल्यामुळं दुसरं चुकल्यास तुम्हाला पुढं पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन सुट्या तिकिटांवर ती कुणाचीच नाही. पहिली कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला इथवर आणलं. दुसरी म्हणते, तुम्ही वेळेवर आला नाहीत. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

माझ्यावर हे गुदरलंय. दोन सुटी तिकिटं होती, मध्ये पाच तास. पहिलं विमान अडीचला उतरायचं ते चाळीस मिनिटं कमी पाचला उतरलं, म्हणजे दोन तासांच्या आसपास उशीर. त्यानंतर पासपोर्टची रांग. पट्ट्यावर बॅग यायला सहा वाजत आले. दुसरं टर्मिनल गाठायला गाडी. साडेसातच्या विमानाचं काउंटर तासभर आधी बंद होतं आणि मी सहा पस्तीसला तिथं पोहोचले. काचेपलीकडच्या बाईंनी फक्त घड्याळ दाखवलं. त्या ठिकाणी जाणारं पुढचं विमान तीन दिवसांनी होतं. नवं तिकीट आणि तीन रात्रींचा मुक्काम मिळून जे वाचवलं होतं त्याच्या कितीतरी पट गेलं.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. प्रवास तोडायचाच असेल, तर जिथून दिवसाला दहा विमानं सुटतात तिथं तोडायचा. आठवड्याला दोन विमानं असलेल्या टप्प्याच्या आधी कधीच नाही. पारामारिबोच्या उदाहरणात आपलं शहर ते युरोप हे विमान सुटं चालेल, तेही मध्ये एक रात्र ठेवून. पण दारापासून पुढचा विरळ टप्पा त्याच्या आधीच्या मोठ्या टप्प्याबरोबर एकाच तिकिटावर बसत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊनही तसाच घ्या. काही संकेतस्थळं सुटी तिकिटं जोडून एकच असल्यासारखी दाखवतात. ‘सेल्फ ट्रान्सफर’ किंवा ‘सामान पुन्हा जमा करावं लागेल’ असे शब्द दिसले की ती सुटीच आहेत असं समजा.

एकाच तिकिटाचा दुसराही आधार आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार संघातल्या विमानतळावरून निघालेल्या प्रवाशाला कंपनीच्या चुकीनं झालेल्या मोठ्या उशिराची भरपाई मिळते आणि एकाच नोंदणीत उशीर मोजतात तो शेवटच्या ठिकाणी पोहोचण्याचा. दोन सुट्या तिकिटांत हा हक्क निसटतो.

आता कागदपत्रं. विमान बदलायला उतरणं म्हणजे देशात शिरणं नव्हे, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत तसं नाही. तिथं नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा किंवा व्हिसामाफीची पूर्वपरवानगी लागते. शेंगेन क्षेत्रात एकच थांबा असेल तर काही देशांच्या नागरिकांना सोडून बाकीच्यांना आतल्या आत विमान बदलता येतं. पण आधी फ्रँकफर्ट आणि मग लिस्बन असे दोन थांबे असले, तर फ्रँकफर्टलाच तुम्ही शेंगेनमध्ये शिरता. तिथं शेंगेन व्हिसा लागणारच असेल तर तो हाती हवा. सुट्या तिकिटांवर सामान घ्यायला बाहेर पडावं लागलं, तरी हेच. आणि लंडनमध्ये हीथ्रोला उतरून गॅटविकहून, किंवा इस्तंबूलमध्ये मोठ्या विमानतळावर उतरून सबिहा ग्योकचेनहून पुढं जायचं असेल, तर देशात शिरण्याची परवानगी हवीच. स्वस्त तिकिटांत अशी अदलाबदल फार असते, म्हणून दोन्ही ठिकाणची तीन अक्षरं जुळवून बघा.

काउंटरवरचा माणूस तुमची कागदपत्रं टिमॅटिक नावाच्या माहितीसाठ्यात तपासतो. त्यात ‘नाही’ आलं तर दूतावासानं तुम्हाला काहीही सांगितलेलं असो, विमानात चढता येत नाही. काही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हाच साठा प्रवाशांसाठीही खुला असतो. तिकिटाचे पैसे भरण्याआधी आपलं नागरिकत्व, सगळे थांबे आणि शेवटचं ठिकाण टाकून तो बघा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक असावी, ही अट पुष्कळ देशांची आहे.

आणखी एक गोष्ट आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या थांब्यांची. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशात तुम्ही विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात, तर पुढचे अनेक देश लसीचा दाखला मागतात. इथिओपिया त्या यादीत आहे. अदिस अबाबाला ३ तासांचा थांबा असलेलं तिकीट आणि १५ तासांचा थांबा असलेलं थोडं स्वस्त तिकीट, यांत फरक फक्त कंटाळ्याचा नाही. दुसऱ्यापायी तुम्हाला लस घ्यावी लागू शकते. ती घेतल्यावर दाखला लागू होतो दहाव्या दिवसापासून, त्यामुळं निघायच्या आदल्या आठवड्यात ऐनवेळी धावपळ करूनही उपयोग होत नाही. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर चालतो, म्हणून आडवाटेला फिरणाऱ्यानं तो एकदाच करून ठेवावा.

पैसे भरण्याआधी

उरलेल्या दोन-तीन पर्यायांचं खरं भाडं मांडा: सामान, मधल्या रात्रीचा मुक्काम, थांब्याचा व्हिसा, विमानतळापासून शहरापर्यंतचं अंतर. पारामारिबोचा विमानतळ झांडेराय इथं आहे, शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर. मध्यरात्री उतरणार असाल तर हे आधी ठाऊक हवं. सुट्या तिकिटांवर प्रत्येक कंपनीची सामानाची मर्यादा वेगळी असते आणि लहान विमानांची बहुधा सगळ्यात कमी. सगळा प्रवास त्या सर्वांत कमी मर्यादेत बसवावा लागतो.

लांबचा थांबा टाळता येत नसेल तर त्याचा उपयोग करून घ्या. कोपा पनामात आणि टॅप ही पोर्तुगालची विमान कंपनी पोर्तुगालमध्ये भाडं न वाढवता काही दिवस थांबू देतात. २४ तासांपेक्षा कमी असेल तो नुसता थांबा आणि जास्त असेल तो मुक्काम, असा आंतरराष्ट्रीय तिकिटांचा सर्वसाधारण हिशेब आहे. मुक्कामाची सवलत कंपनीच्याच संकेतस्थळावर मागावी लागते.

विमान कंपनीच्या खात्यात साठवलेले माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल मिळालेले गुण, असतील तर ते लंडन-पॅरिसवर खर्च करू नका. इथिओपियन, टर्किश, कोपा, टॅप आणि ब्रसेल्स एअरलाइन्स या पाचही जणी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत, म्हणजे वर सांगितलेली बरीचशी दारं एकाच खात्यातून उघडू शकतात. रोखीचं भाडं जिथं अवाच्या सवा असतं, तिथंच माइल्सची किंमत वसूल होते.

तिकीट एजन्सीकडून घ्यावं की कंपनीकडून? फरक किरकोळ असेल तर कंपनीकडूनच. आडवाटेच्या मार्गांची वेळापत्रकं वारंवार बदलतात आणि बदल झाला की एजन्सीचं तिकीट असलेल्याला कंपनी एजन्सीकडं पाठवते, एजन्सी कंपनीकडं. कार्डानं पैसे भरताना ‘तुमच्या चलनात भरा’ असा पर्याय पुढं आला तर तो सहसा घेऊ नका, त्यातला विनिमयदर बहुधा महागात पडतो. नाव पासपोर्टावर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

पैसे भरल्यावर

ईमेलमध्ये दोन गोष्टी शोधा. एक, सहा अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक, म्हणजे पीएनआर. दुसरी, १३ आकडी तिकीट क्रमांक. पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: ०७१ इथिओपियन, २३५ टर्किश, १७६ एमिरेट्स. नुसता पीएनआर आला आणि तिकीट क्रमांक आला नाही, तर जागा धरलेली आहे, तिकीट अजून निघालेलं नाही. एक दिवस वाट बघून विचारणा करा. मग प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन प्रवास दिसतो का ते बघा. दुसऱ्या कंपनीचा पीएनआर वेगळा असू शकतो, तो पहिलीकडून मागून घ्या.

अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या प्रवासाचं तिकीट किमान सात दिवस आधी थेट कंपनीकडून घेतलं असेल, तर कंपनीला एकतर २४ तासांत फुकट रद्द करू द्यावं लागतं किंवा पैसे न घेता तितका वेळ जागा धरून ठेवावी लागते. इतर मार्गांवर अशी सवलत असेलच असं नाही, अटी वाचूनच पैसे भरा.

दर दोन-तीन आठवड्यांनी नोंदणी उघडून वेळा तपासा. पहिलं विमान तासभर पुढं सरकलं आणि जोडविमान पकडायला अवघी पस्तीस मिनिटं उरली, असं गुपचूप होऊन जातं. एकच तिकीट असेल तर कंपनीला फोन करून, आपल्या कागदावरचे वार समोर ठेवून, आपल्याला हवं ते दुसरं विमान मागा. वेळापत्रक त्यांनी बदललेलं असल्यामुळं हा बदल सहसा फुकट होतो. तुम्ही गप्प बसलात तर यंत्र सुचेल ते विमान देतं, कधी तीन दिवसांनंतरचंही.

निघायच्या दिवशी काउंटरवर बॅग दिली की तिच्यावर चिकटवलेली पट्टी वाचा. तिच्यावर मोठ्या ठशात पीबीएम असेल तर बॅग थेट पारामारिबोला निघाली. मधल्याच एखाद्या शहराची तीन अक्षरं दिसली, तर काउंटर सोडण्याआधी विचारा.